पिनेची दिशा

गेल्या वर्षीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाकरितां आम्हीं विहिरीची एक प्रतिकृति केली होती. विहिरीच्या जागीं पत्र्याचा डबा, मोटारीच्या जागीं खेळण्यांतला पंप, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच, आणि पाणी संपतांच पंप बंद करण्याकरितां आर्डुइनो युनो नांवाचा बोर्ड, असा सरंजाम होता. पाहुणे जमले, डबा रिकामा झाला, परंतु पंप बंद होईना! मध्येंच थांबे, आणि कोणी तारेजवळ नुसता हात नेला तरी पुन्हां सुरू होई. मंडळी हंसली, आम्हांस मात्र फार वाईट वाटलें. कोरड्या विहिरींत चाललेली मोटार जळते, आणि ती पुन्हां भरून घेण्यास काय खर्च येतो हें बागलाणांतील पालकांस सांगावयास नको.

दोष प्रोग्रॅमांतील एका शब्दाचा होता. तो समजण्याकरितां प्रथम बोर्डाची ओळख करून घेऊं.

आर्डुइनोचा जन्म २००५ सालीं इटलींतील इव्रिया गांवीं, विद्यार्थ्यांकरितांच, झाला. नीती आयोगाची अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ सालीं निघाल्यापासून तो आपल्याकडील पुष्कळ शाळांतून दिसूं लागला आहे. आमच्या बोर्डावरील मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटभर लांबीची काळी चिप, एटीमेगा ३२८पी ह्या नांवाची आहे. बोर्डाच्या कडेस ० पासून १३ पर्यंत क्रमांकांच्या चौदा डिजिटल पिना असतात. डिजिटल म्हणजे दोनच गोष्टी मानणाऱ्या : दाब पांच व्होल्टच्या आसपास असेल तर एक, शून्याच्या आसपास असेल तर शून्य.

आराम व मोसम नद्यांच्या कांठच्या फडांवरील पाटकरी ज्यांनीं पाहिला असेल त्यांस पुढील गोष्ट सहज पटेल. पाटकरी पाटांत पाणी किती आहे तें पाहतो, आणि वेळ आली कीं दार उघडतो. पाहण्याच्या कामीं तो पाण्यास हात लावीत नाहीं. दार उघडण्याच्या कामीं मात्र जोर लावतो. पिनही हीं दोन्ही कामें करूं शकते, परंतु एका वेळीं एकच. पाहणारी पिन ती इनपुट, करणारी ती आउटपुट. चिपेच्या पोटांत प्रत्येक पिनेच्या दिशेची एक नोंद असते : शून्य म्हणजे इनपुट, एक म्हणजे आउटपुट. 'पिनमोड' ही आज्ञा ती नोंद बदलते. मग 'डिजिटलरीड' म्हटल्यानें वाचतां येतें व 'डिजिटलराइट' म्हटल्यानें लिहितां येतें. वीज येतांच सर्व नोंदी शून्य असतात, आणि हें योग्यच आहे. न विचारतां दार उघडणारा पाटकरी कोणास हवा?

आतां आमची चूक. डब्यांत पाणी असतां फ्लोट स्विच पिनेस ग्राउंडशीं जोडी, म्हणून पिन शून्य वाची. पाणी संपलें कीं स्विच उघडे, आणि मग पिन आपोआप एक वाचील अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. दीड व्होल्टच्या खालीं निश्चित शून्य, तीन व्होल्टच्या वर निश्चित एक. मधल्या दाबाचा भरंवसा नाहीं. अधांतरीं लोंबणारी तार भोंवतालच्या वायरिंगची, हाताची, कशाचीही चाहूल घेते व पिन कांहींही वाचते. 'इनपुट' ह्या शब्दाऐवजीं 'इनपुट_पुलअप' लिहितांच हें थांबलें. ह्या आज्ञेनें चिपेंतलाच २० ते ५० हजार ओहमचा रेझिस्टर पिनेस पांच व्होल्टशीं हलकेच बांधून ठेवतो. स्विच उघडा असला कीं पिन एक वाचते. मिटला कीं तो हलका आधार हरतो आणि शून्य येतें. प्रत्यक्ष विहिरीपर्यंतची लांब तार असल्यास हा आधार अपुरा पडतो. तेथें बाहेरून ४,७०० ओहमचा रेझिस्टर लावावा.

ह्या रचनेंत आणखी एक लाभ आहे, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. उंदरानें तार कुरतडली तरी पिन एकच वाचील, म्हणजे 'पाणी नाहीं' असें समजून पंप बंद राहील. स्विच उलटा जोडला असता, तर तुटलेली तार 'पाणी आहे' असें खुशाल सांगत राहिली असती.

आउटपुटचीं संकटें निराळीं. आमच्यांतील एकानें स्विचच्या पिनेस चुकून आउटपुट केलें व तीवर एक लिहिला. स्विच मिटतांच पांच व्होल्ट थेट ग्राउंडला भिडले आणि ती पिन कायमची गेली. पिनेची शेवटची मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. २० च्या आंत राहणें बरें. यास्तव पंप पिनेवर न चालवितां मध्यें रिले घालतात. आमचा रिले शून्य मिळतांच ओढतो. पिनेस आधीं आउटपुट केलें तर क्षणभर तीवर शून्य असतो, आणि रिले टक् करून पंपास झटका देतो. वीज जितक्या वेळां जाऊन येईल तितक्या वेळां. म्हणून प्रथम 'डिजिटलराइट'नें एक लिहावा, मग दिशा बदलावी.

डब्यावरील पंप आतां वेळेवर थांबतो. खऱ्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावण्याचें काम मात्र आम्हीं वायरमनकडेच ठेविलें आहे.