जोडीचे सर्व्हर

शालान्त परीक्षेचा निकाल जाहीर होताच लक्षावधी विद्यार्थी एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. संकेतस्थळाची पाने पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. तो शेवटी यंत्रच. त्याचा वीजपुरवठा तुटतो, त्यातील तबकडी निकामी होते, कधी दुरुस्तीसाठी तो बंदही ठेवावा लागतो. यास्तव महत्त्वाचे काम एकाच सर्व्हरवर सोपवीत नाहीत. सारखीच माहिती असलेले दोन किंवा अधिक सर्व्हर मांडून त्यांच्यापुढे भार वाटून देणारे एक यंत्र बसवितात. हे यंत्र दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरकडे विचारणा करते. उत्तर आले नाही, की त्याच्याकडे जाणाऱ्या मागण्या दुसऱ्याकडे वळविते. अर्थात भार वाटणाऱ्या यंत्रालाही जोडीदार हवाच!

ह्यामागील गणित सोपे आहे. एकूण वेळेच्या शंभराव्या भागाइतका काळ बंद पडणारा सर्व्हर वर्षाकाठी सुमारे ८८ तास बंद असतो. तसे दोन असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. परंतु हा हिशेब एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी काहीही संबंध नसेल, तरच खरा. आणि ही अट पाळणेच कठीण.

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ते दिसून आले. तेथे एका कंपनीची चार सर्व्हर-भवने एकाच आवारात उभी होती. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांपैकी एका पाच मजली भवनास आग लागून ते जळून गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आगीची झळ शेजारच्या भवनासही लागली, आणि जी भवने वाचली तीही बंद ठेवावी लागली. माहितीची दुसरी प्रत दूरच्या शहरात ठेवणाऱ्या ग्राहकांना आपले काम पुन्हा उभे करता आले. ज्यांची मूळ माहिती व तिची प्रत जळालेल्या भवनातच होती, त्यांची माहिती कायमची गेली.

मात्र सर्व्हर दूर ठेवले, की दोहोंकडील माहिती सारखी राखण्याचा प्रश्न उद्भवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास त्यास एक शतांश सेकंद लागतो. प्रत्येक नोंद पलीकडे पोहोचल्याची खूण मिळेपर्यंत थांबावे, तर काम मंदावते; न थांबावे, तर अपघाताच्या क्षणी अखेरच्या काही नोंदी हरवतात. पैशाच्या व्यवहारात बहुधा थांबणेच पत्करतात. निकालाच्या पानास त्याची गरज नसते. ते वाचणारे लक्षावधी असले, तरी त्यावर लिहिणारे कोणी नसते.