हातग्राइंडर : कवच काढूं नये

अलीकडे पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं विजेचा हातग्राइंडर आला आहे. कुळवाची पास घासणें, कोयत्यास धार लावणें, कोनपट्टी कापणें ह्यांसाठीं पूर्वीं लोहाराच्या दारीं अर्धा दिवस मोडत असे. तें काम आतां अंगणांत घटकेंत होतें. सोय मोठी खरी. परंतु सारा जन्म महसुली दप्तरांत घालविलेल्या मजसारख्यास हें यंत्र किती उतावळें आहे ह्याची प्रथम कल्पना नव्हती.

४ इंची यंत्राची चकती मोकळी फिरतांना मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक भरतो. चकती फुटल्यास तुकडे त्याच वेगानें सुटतात, आणि आपल्या व त्यांच्या मध्यें काय तें एक पत्र्याचें कवच असतें.

मला एका दुकानदारानें ५ इंची चकती दिली व “कवच काढा, म्हणजे बसेल” असें सांगितलें. मीं काढलें! ४ इंची चकतीचें भोंक १६ मिलिमीटरांचें, ५ इंचीचें २२ हून किंचित् अधिक. त्यामुळें ती मध्यावर बसली नाहीं, थरथरूं लागली, आणि पट्टी कापतांना फुटली. एक तुकडा गोठ्याच्या खांबांत माझ्या खांद्याइतक्या उंचीवर रुतला. तो मीं अद्याप काढलेला नाहीं.

तेव्हां चकती यंत्राच्या मापाचीच घ्यावी. तिजवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी नसावी. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष असतें, तेंहि वाचावें. बदलतांना पिन काढून ठेवावी. नवी चकती बसविल्यावर, तोंड आपल्याकडे न ठेवतां, मिनिटभर मोकळी फिरवावी. कापण्याची पातळ चकती आडवी दाबून घासूं नये. घासण्याची जाड चकती निराळी मिळते. लांकडाचें दातेरी पातें तर ह्या यंत्रास लावूंच नये.

कापावयाचा तुकडा शेगड्यांत आवळावा, पायाखालीं धरूं नये. कापतांना चीर मिटली कीं चकती अडकते व यंत्र उलट झटका देतें; म्हणून तुटणारें टोंक मोकळें खालीं पडेल असें ठेवावें, दोन्ही हातांनीं यंत्र धरावें व चकतीच्या रेषेंत उभें राहूं नये. उपरणें व धोतराचा सोगा आवरावा. वाचावयाचा चष्मा पुरत नाहीं. बाजूंनीं बंद असा संरक्षक चष्मा पाहिजे. धार लावतांना पातें निळें पडलें तर तेथील पाणी उतरलें असें समजावें. हलका हात ठेवून वारंवार पाण्यांत बुडवावें.

डिझेलचें वा औषधाचें रिकामें पिंप कधींहि कापूं नये. आंतील वाफ ठिणगीनें भडकून पिंप फुटतें. कडब्याच्या गंजीपासून लांब बसावें, पाण्याची बादली जवळ ठेवावी, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तेथून हलूं नये. कडब्याखालीं गेलेली ठिणगी लागलीच धूर दाखवीत नाहीं.