सोनचाफा लावण्याआधी



फुलशेतीची गोष्ट निघाली की एक प्रश्न हमखास येतो : "वावरात अर्धा एकर सोनचाफा लावला तर जमेल काय?" वसई-विरारकडचा चाफा रोज पहाटे दादरच्या फुलबाजारात जातो, तिथे नगावर विकला जातो, हे ऐकून मन ओढ घेतेच. पण कलमांवर पैसा घालण्याआधी थोडे थांबा.

प्रथम हे बघा, की चाफा म्हणून जे जे विकतात ते सगळे एका कुळातले नाही. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याला खुरचाफाही म्हणतात, त्याचे पान मोडले की पांढरा चीक येतो. तो अमेरिकेतून आलेला आणि कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाचा भाऊबंद. नागचाफा आणि भुईचाफा हेही निराळेच. खरा चाफा सोनचाफा. त्याला शास्त्रज्ञ पूर्वी मायकेलिया म्हणत, आता मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. चीक निघाला तर रोप सोनचाफ्याचे नाही, एवढी खूण खरेदीला पुरे.

मॅग्नोलियाचे हे कूळ फार जुने. मधमाश्या नव्हत्या तेव्हापासूनचे, म्हणून यातल्या पुष्कळ फुलांचे परागीकरण आजही भुंगेरे करतात. चीन-जपानकडच्या काही जाती हिवाळ्यात पाने झाडून निष्पर्ण अंगावर फुलतात. त्यांना थंडी लागते, आपल्याकडे त्यांचा नाद नको. मोठ्या पांढऱ्या फुलाचा हिमचंपा मूळ अमेरिकेचा. बंगल्याच्या बागेत शोभतो. कवठी चाफा मात्र ध्यानात ठेवा. ते लहान झुडूप, कुंडीतही राहते, सावली चालते. अंड्यासारखी पांढरी कळी रात्री उमलते आणि अंगणभर वास सुटतो. त्याची गुटी बांधून रोपे होतात.

आता मुद्द्याचे. सोनचाफा सह्याद्रीच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या ओलसर रानातला. त्याला निचऱ्याची, किंचित आंबट माती आणि हवेत ओल लागते. आपल्याकडे भारी काळी जमीन, खाली चुनखडी, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले की मुळ्या सडतात. चुनखडीत पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. संत्र्यावर हे तुम्ही पाहिलेच असेल. भातकुली-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, तिथे तर लावूच नका.

बाजाराचेही बघा. फूल उमलले की दिवसभरात मान टाकते. बडनेऱ्याहून मुंबई रात्रभराची गाडी. पहाटे तोडलेले फूल तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी पोचेल, तेव्हा वसईचे ताजे फूल आधीच मांडलेले असेल. आपला बाजार अमरावतीचा : अंबादेवी-एकवीरेच्या देवळांचा, सणावारांचा, लग्नसराईचा. तो रोज किती फुले घेईल, हे तिथल्या दोन-तीन फुलवाल्यांना स्वतः जाऊन विचारा. १० बाय १० फुटांवर लावले तर एकरी सव्वाचारशेच्या वर झाडे बसतात, म्हणजे अर्ध्या एकरात दोनशेवर. आमच्या मते पहिल्याने विहिरीजवळ किंवा घरामागे पाच-दहा कलमे लावावी, दोन उन्हाळे काढावे, मग वाढवावे.

रोप घ्याल ते कलमाचेच. बियांच्या झाडाला फूल यायला आठ-दहा वर्षेही लागतात. कलम दीड-दोन वर्षांत फुलू लागते. शेंदुरजना घाटची संत्र्याची रोपे जशी जंभेरीवर डोळा भरून होतात, तसे हे बियांच्या चाफ्यावर बांधलेले असते. सांधा डोळ्यांनी पाहून घ्या. सांध्याखालून फूट आली की लगेच खुडा, नाहीतर गावठी चाफाच वर येईल नि कलम मरेल. कोकणातून येणारी वेलणकर जातीची कलमे बरीच मागितली जातात. पण नाव सांगून काहीही खपवतात, तेव्हा फुललेले मातृझाड दाखवा म्हणावे.

बी लावायची हौस असेल तर ताजेच घ्या. फळ तडकून लाल बी लोंबू लागले की काढावे, वरचा तेलकट गर राखेने चोळून धुवावा आणि सावलीत लगेच पेरावे. वाळवून ठेवलेले बी मरते.

खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल. उकरलेली काळी माती परत भरू नका. तांबडी माती, मुरूम नि कुजलेले शेणखत भरा, आणि जागा भुईपेक्षा हातभर उंच ठेवा. लागवड पाऊस चांगला लागल्यावर. पश्चिमेला शेवगा किंवा हादगा लावला तर तिसऱ्या प्रहरचे ऊन अडते. पहिले दोन उन्हाळे तुऱ्हाट्यांचा मांडव करा, बुंध्याभोवती पाला पसरा, पाणी थोडे पण वरचेवर द्या. पाने पिवळी पडली तर ५० ग्रॅम हिराकस १० लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर करून बघा.

झाड वाढले की शेंडा खुडत राहा. फांद्या हाताच्या उंचीत राहिल्या तर तोडणी घरच्या बायामाणसांना जमते. कळी पिवळी होऊन पाकळ्या सुटण्याच्या बेतात असतानाच, उजाडण्याआधी तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात न्या.