कुलूप आणि मोहोर : विमानातील सामानाच्या सुरक्षिततेचा एक विचार

कुलूप अडथळा करते. मोहोर साक्ष देते. विमानात स्वाधीन केलेल्या सामानाच्या रक्षणाचा विचार करताना हा भेद सहसा दृष्टीआड होतो. नागपुरास मात्र तो अपरिचित वाटू नये. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत आणि टपालथैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. थैलीचे तोंड सुतळीने बांधून गाठीवर लाखेची मोहोर उठविण्याची टपालखात्याची रीत होती. लाख ती केवढी, नखानेही फुटावी! परंतु फुटलेली लाख पूर्ववत होत नाही, आणि ठसा हाती असल्याखेरीज नवी मोहोर उठविता येत नाही. थैली घेणारा मोहोर पाहूनच ती स्वीकारी. त्यामुळे ती कोणाच्या ताब्यात असता फुटली, हे ठरविणे शक्य होई. मोहोरेचे खरे सामर्थ्य लाखेत नसून या तपासणीत होते.

प्रवाशाच्या बॅगेस हे दुसरे अंग लाभलेले नाही. ती तोलली जाते, तिला चिठ्ठी लागते. परंतु हस्तांतराच्या वेळी तिचे बंद कोणीही पाहत नाही. त्यातून चेनची बॅग असेल तर कुलपाचा आधार फारच तोकडा. बॉलपेनच्या टोकाने चेनचे दात विलग करता येतात, आणि कुलूपबंद सरके त्यांवरून फिरविताच ते पुन्हा जुळतात. कुलूप शाबूत, आतील वस्तू मात्र नाहीशी! यास्तव सरके बॅगेच्या पक्क्या कडीस जखडावेत. त्यायोगे चेन फोडणे टळत नाही; परंतु ती पुन्हा जुळविता येत नाही, म्हणजेच कुलूपच मोहोरेचे काम करू लागते. अनुक्रमांक असलेले प्लॅस्टिकचे बंदही याच कारणास्तव उपयुक्त होत. मात्र क्रमांक टिपून ठेवावयास हवा. अमेरिकेतील तपासनिसांच्या सर्वकिल्लीने उघडणाऱ्या कुलपांवर तर विसंबूच नये. छापून आलेल्या छायाचित्रावरून त्या किल्ल्यांच्या नकला २०१५ सालीच तयार होऊ लागल्या.

साक्षीचे महत्त्व कायद्यातही दिसते. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ साली सामील झाला. त्यानुसार सामान तक्रारीवाचून स्वीकारल्यास ते सुस्थितीत मिळाले, असे प्रथमदर्शनी मानले जाते. हानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. म्हणून बंद तपासण्याची जागा घर नव्हे, विमानतळावरील सामानाचा पट्टा होय.