औषधांचें कपाट

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मध्यें मिठागरें अशा भूमीवर मिरा-भाईंदर शहर वसलें आहे. पावसाळा लागला कीं येथील भिंतींस ओल येते, कपड्यांस बुरशीचा वास लागतो आणि घराघरांतून शिंका व खोकला ऐकूं येतो. अशा वेळीं गृहिणीचा हात औषधांच्या कपाटाकडे जातो. गेल्या वर्षीं नातवासाठीं आणलेली बाटली यंदा आजोबांस, आजोबांच्या गोळ्या सूनबाईस, असा व्यवहार एकत्र कुटुंबांत सहज चालतो. अन्न वांटून खावें ही आपली रीत उत्तम. परंतु औषध ही वांटून घेण्याची वस्तु नव्हे, हें आम्हांस आज सांगावयाचें आहे.

त्यासाठीं तीन विकार घेऊं. खोकल्यास औषध बहुधा कमीच लागतें. शिंकणाऱ्या नाकास तें नियमानें लागतें. आणि आंतड्यांच्या जुनाट दाहांत बरें वाटल्यावरही तें सोडून चालत नाहीं.

सर्दीबरोबर येणारा खोकला सामान्यतः दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमतो. एक वर्षावरील मुलास चमचाभर मध द्यावा. वर्षाच्या आंतील बालकास मात्र मधही देऊं नये. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधानें २० हून अधिक बालकें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांस उपचारांसाठीं नागपुरास आणलें होतें. त्या औषधांत डायइथिलीन ग्लायकोल हें मूत्रपिंडें निकामी करणारें विष शेंकडा ४८.६ इतकें आढळलें. हेंच विष १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळयुक्त ग्लिसरिनमधून १४ रुग्णांच्या मृत्यूस कारण झालें होतें. बाटली पाहून तें कोणाही आईस कळण्याजोगें नसतें. न लागणारें औषध न देणें एवढें मात्र तिच्या हातीं असतें. दोन वर्षांखालील मुलांस खोकल्या-सर्दीचीं औषधें देऊं नयेत व पांच वर्षांखालींही तीं सामान्यतः टाळावीं, अशी सूचना केंद्रीय आरोग्यखात्यानें ऑक्टोबर २०२५ मध्यें काढली आहे.

वृद्धांची गोष्ट निराळी. रक्तदाबावरील रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गोळ्यांनीं कांहीं जणांस कोरडा खोकला लागतो. तेथें नवी बाटली आणण्यापेक्षां डॉक्टरांस सांगून गोळी बदलून घेणें हाच उपाय होय. आणि खोकला दोन आठवड्यांवर टिकला तर, वय कांहींही असो, क्षयासाठीं थुंकी अवश्य तपासावी. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी विनामूल्य होते.

धूळ, बुरशी व गादींतील अतिसूक्ष्म कीटक यांमुळें ज्यांना शिंका येतात व नाकांतून पाणी वाहतें, त्यांचा विकार जंतूंचा नव्हे. म्हणून तेथें अँटिबायोटिक निरुपयोगी. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन यांनीं शिंका आवरतात. जुन्या क्लोरफेनिरामिननें झोंप फार येते. वाहन चालविणारांनीं व वृद्धांनीं तें टाळावें. नाक वारंवार चोंदत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांचा फवारा अधिक गुणकारी. परंतु पुष्कळ लोक तो दोन दिवस घेऊन ‘गुण नाहीं’ म्हणून बाजूस ठेवतात. त्याचा पूर्ण गुण येण्यास कधीं कधीं दोन आठवडे लागतात. याउलट, झायलोमेटाझोलिनचे थेंब तत्काळ आराम देतात. पण ते पुष्कळ दिवस घेत राहिल्यास नाक अधिकच चोंदतें.

तिसरा विकार घरांत सर्वांत अधिक लपविला जातो. शौचावाटे रक्त व आंव पडणें, वारंवार पोट दुखणें, वजन उतरणें हें सारें मूळव्याध समजून महिनोन्महिने सोसलें जातें. सासरीं नवी आलेली मुलगी तर याचा उच्चारही करीत नाहीं. हीं अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन या रोगांचीं लक्षणें असूं शकतात. स्वीडनमधील डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनीं १९४० च्या सुमारास सल्फासालाझिन उपयोगांत आणलें. त्याचाच गुणकारी अंश असलेलें मेसालामिन आज सौम्य व मध्यम कोलायटिसमध्यें देतात. रोग उसळल्यास प्रेडनिसोलोन हें स्टेरॉइड थोड्या काळापुरतें देतात; तें आपल्या मनानें लांबविणें वाईट आणि एकाएकीं थांबविणें धोक्याचें. अझाथायोप्रिन चालू असतां रक्त तपासावें लागतें, तर इन्फ्लिक्सिमॅब देण्यापूर्वीं शरीरांत क्षय दडलेला नाहीं याची खात्री करावी लागते. आंतड्यांचा क्षय हा क्रोनसारखाच दिसतो, हेंही आपल्या देशांत विसरून चालत नाहीं.

या रोगांत रक्त थांबलें याचा अर्थ औषध लागू पडलें असा आहे, औषध संपलें असा नव्हे. मेसालामिन परस्पर सोडल्यास रोग उलटण्याचा संभव वाढतो. कपाटांतील आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीही अशा रोग्याचा दाह वाढवूं शकते.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती कीं, येत्या रविवारीं हें कपाट एकदां रिकामें करावें. मुदत संपलेलें काढून टाकावें. उरलेल्या प्रत्येक औषधावर तें कोणाचें, कशासाठीं व किती दिवसांचें हें लिहावें. आणि त्याच वेळीं घरांतील वडील स्त्रीनें सुनामुलींस एकीकडे घेऊन, कोणास कांहीं सांगावयाचें राहिलें आहे काय, हेंही मायेनें विचारावें.