वहीत नसलेली मुलगी

सुगी उरकली की कोल्हापूर भागात घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मिळेल त्या वाहनाने येतात. बासनातून वही निघते आणि वाचन सुरू होतं: मूळ गाव, कुलदैवत, खापरपणजा, त्याचे भाऊ, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला. गेल्या फेरीनंतर जन्मलेली नावं लिहून घेतली जातात. मग धान्य, कापड, पैसे. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या दप्तरांना आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, पण हेळव्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

करवीर तालुक्यातल्या एका घरी हे वाचन ऐकायला बसलो होतो. घरच्यांनी माळ्यावरचा जुना फोटोही आणून ठेवला होता. वहीत नावं होती, चेहरे नव्हते. फोटोत पाच चेहरे होते, नाव एकही नाही. दोन्ही जुळवायचं काम मला फार मोलाचं वाटतं. ते करायला घाई चालत नाही.

आधी कागद बघायचा. अंड्याचा पांढरा भाग लावलेल्या जुन्या कागदावर उजळ भाग पिवळे पडतात. इथे तसं नव्हतं. काळ्या भागांच्या कडांना चंदेरी झाक आली होती, म्हणजे जिलेटिनचा कागद, बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव फाटून गेलेलं. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि झाडं. त्याच काळात कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर 1920 चा ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. हा पडदा त्यांचा होता असं म्हणायला काही आधार नाही. पण या शहरात ब्रश आणि भिंग एकमेकांच्या शेजारी नांदत होते, हे तो बघताना मनात येतंच.

फोटोत म्हातारा खुर्चीवर, दोन मुलगे उभे, कडेला बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मांडीवर बाळ. म्हातारा आणि मुलगे वहीत सापडले. मुलगी सापडेना.

“आत्तीचं नाव न्हाई व्हय यात?” घरच्या आजींनी विचारलं. आत्ती म्हणजे त्यांच्या मालकांची आत्या.

“लेकी सासरी जात्यात, आज्जी. वंश पोरांचा लिवायचा,” हेळवी म्हणाले.

नातवाला मात्र शंका होती. आत्तीच्या हनवटीवर ठसठशीत गोंदण होतं म्हणतात. फोटोतली हनवटी कोरी. मग ही दुसरीच कुणी असेल?

इथे त्या काळी फोटो टिपणारी काच समजून घ्यावी लागते. जुन्या प्लेटांना निळा प्रकाश भराभर टिपता यायचा, तांबडा जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून लाल कुंकू आणि लाल पटका फोटोत काळा उतरतो, निळं कापड पांढुरकं. हिरवट-निळं गोंदण त्वचेच्या रंगात विरून जाऊ शकतं. याच मुलीचं कुंकू बघा, शाई सांडल्यासारखं काळं आहे. तेव्हा गोंदण दिसत नाही एवढ्यावरून आत्तीला बाद करता येत नाही. आजींनी ओळखलं ते तिच्या डाव्या, किंचित खाली उतरलेल्या पापणीवरून. त्यांनी आत्तीला म्हातारपणी रोज पाहिलं होतं.

नातवानं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नाव लिहिलं, खाली ‘आजींच्या सांगण्यावरून’ आणि त्या दिवसाची तारीख. बाळ कोण, ते आजींनाही ठाऊक नव्हतं. हेळव्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये जन्मून गेलेलं मूल वहीपर्यंत पोचतच नाही, आणि 1918 च्या तापाच्या साथीआधीही अशी मुलं घरोघर होती.

एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती निघत. लग्नात लेकीबरोबर एखादी गेली असेल. आत्तीचं सासर कागलकडचं; तिथल्या घरी फोटो आहे का, असा निरोप गेला आहे.