साठीनंतर पडणं टाळायचंय? घरीच करा हे पाच सोपे व्यायाम

मालेगाव : रात्री लघवीला उठलेली आजी मोरीत पाय घसरून पडते, खुब्याचं हाड मोडतं आणि पुढचे कित्येक महिने खाटेवर जातात. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." पण दोष एकट्या वयाचा नसतो. पायातली ताकद आणि अंगाचा तोल कमी झाला की माणूस पडतो. या दोन्ही गोष्टी सत्तरीतही सरावाने सुधारतात.

"आयुष्यभर शेतात राबलो, आता कसला व्यायाम?" असं नाना-आप्पा विचारतात. पण शेतातलं काम सुटून ओट्यावरचं बसणं वाढलं की कमावलेली ताकद उतरायला लागते. म्हणूनच ६५ वर्षांपुढच्या लोकांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यासाठी शहरात 'पिलाटेस' हा प्रकार चालतो. १८८३ साली जर्मनीत जन्मलेल्या जोसेफ पिलाटेस यांनी तो तयार केला. पोट, पाठ आणि कंबरेचे स्नायू सावकाश, श्वासाच्या तालावर वापरायचे, हे त्याचं मूळ. अंगाचा तोल हेच स्नायू सांभाळतात. त्यासाठी मशीन किंवा क्लास लागतोच असं नाही. त्यातला एक व्यायाम आणि तोलाचे चार साधे व्यायाम घरी करता येतात.

कसे करायचे?

१. उठ-बस : न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. श्वास सोडत उठा, सावकाश बसा. ८ ते १० वेळा.

२. टाचा उचलणे : स्वयंपाकाचा ओटा धरून चवड्यांवर उभे राहा, हळू खाली या. १० वेळा.

३. एका पायावर उभे राहणे : खुर्चीची पाठ धरून प्रत्येक पायावर १० सेकंद.

४. रेघेवर चालणे : भिंतीला हात लावून, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत १० पावलं.

५. कंबर उचलणे (पिलाटेस) : पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. श्वास सोडत कंबर थोडी वर उचला, मग हळू खाली टेकवा. ५ ते ८ वेळा. जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर हा पलंगावर करा.

हे लक्षात ठेवा

श्वास रोखू नका. सुरुवातीला घरातलं कुणीतरी जवळ असू द्या. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून पाठ गोल करण्याचे व्यायाम टाळा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. हृदयविकार असेल, ऑपरेशन झालं असेल किंवा याआधी पडला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही चक्कर येते. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

घरातही बघा. मोरीत उजेड आहे का, फरशी ओली राहते का, चपलेचा तळ गुळगुळीत झालाय का? रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसा, मग उभे राहा.

कुणी पडलं आणि पाय टेकवता येत नसेल, तर ओढून उभं करू नका. १०८ ला फोन लावा.

आजच आई-वडिलांसमोर खुर्ची ठेवा आणि पहिली उठ-बस त्यांच्यासोबत तुम्हीही करा.